नवा कोट, जुना प्रश्न

माझा भाचा बंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. कार्यालयीन कामासाठी मी तिकडे गेलो असता एका रविवारी पहाटे चार वाजता त्याने मला उठवले. होसकोट्याची बिर्याणी खायची असेल तर उजाडण्यापूर्वी रांगेत उभे राहावे लागते, असे त्याचे म्हणणे. जुन्या मद्रास रस्त्याने आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना प्रचंड गोदामे, त्यांच्या फाटकांवर दिव्यांचा लखलखाट आणि मालमोटारींच्या रांगा. ते दाखवीत भाचा म्हणाला, "मामा, तू अर्थशास्त्र शिकलास आणि तीस वर्षे सरकारी नोकरी केलीस. एका शब्दात सांग, देशाची वाढ झाली की गरिबी कमी होते की नाही? हो की नाही?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण याच होसकोटे तालुक्यात २००५ साली मी या प्रश्नाचे उत्तर एका शेऱ्यात लिहून गेलो होतो, आणि तो शेरा बरोबर होता की नाही याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून खात्री नव्हती.

त्या वर्षी एका केंद्रीय योजनेच्या लाभार्थी-यादीची नमुना-तपासणी करण्याचे काम माझ्याकडे आले होते. यादीतील एका घरी गेलो तर म्हातारी मराठीत बोलू लागली. तिची मराठी कानडी वळणाची होती, तळ्याला ती 'केरे' म्हणे आणि प्लॉटला 'साइट'. आपले पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आले, असे तिच्या घरात सांगत. बंगळुरूच्या आसपास असे सांगणारी मराठी घरे पुष्कळ आहेत. घरची कोरडवाहू जमीन तीन एकर, त्यातली दोन एकर नुकतीच विकलेली. घराला नवा रंग, दारात मोटारसायकल आणि बँकेत पैसे. मी तपासणी-पत्रकावर लिहिले, 'कुटुंब दारिद्र्यरेषेच्या वर आले आहे. यादीतून वगळण्यास हरकत नाही.' निघताना म्हातारीने विचारले, "साहेब, शेत गेलं, पैसा आला. पैसा संपल्यावर काय विकायचं?" मी काहीतरी समाधानकारक वाटेल असे बोललो आणि जीपमध्ये बसलो.

त्या म्हातारीचा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर थोडे इतिहासात जावे लागेल.

कन्नडमध्ये होसकोटे म्हणजे नवा कोट. सुगटूरच्या तम्मे गौडा या पाळेगाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला असे मानतात. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे कर्नाटकात उतरले आणि बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे हा मुलूख पुढे त्यांच्या जहागिरीत आला. सव्वाशे वर्षांनी, ऑगस्ट १७६८ मध्ये, गुत्तीचे मुरारराव घोरपडे इंग्रजांच्या बाजूने होसकोट्याजवळ तळ देऊन होते, तेव्हा हैदर अलीने रात्री त्यांच्या छावणीवर छापा घातला. एवढ्या लहान कोटासाठी इतक्या सत्ता का झगडल्या? कारण येथे तळी होती आणि तळ्यांखाली सारा देणारी जमीन होती. नंदीच्या डोंगरात उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी या तालुक्यातून वाहते आणि होसकोट्याचे मोठे तळे तिच्याच पाण्यावर भरत असे. जहागीर श्रीमंत म्हणजे तिचा वसूल मोठा. तो वसूल देणारा कुणबी किती खातो हे मोजण्याची गरज कोणत्याच दरबाराला वाटली नाही. राज्याची संपत्ती आणि रयतेची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे प्रथम आकडे मांडून सांगितले ते एकोणिसाव्या शतकात. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालासाठी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न दरडोई वीस रुपये काढले आणि ते तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिले.

त्याच सुमारास या भागात आधुनिक वाढीचे पहिले चिन्ह आले. १८६४ मध्ये बंगळूर छावणी मद्रासच्या रेल्वेला जोडली गेली. बारा वर्षांनी, १८७६ ते १८७८ या काळात, मद्रास, म्हैसूर व मुंबई इलाख्यांत भयंकर दुष्काळ पडला. म्हैसूर संस्थान तेव्हा इंग्रज कमिशनरच्या कारभाराखाली होते. १८७१ च्या शिरगणतीत संस्थानाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर होती, ती १८८१ मध्ये बेचाळीस लाखांच्या आत आली. रेल्वे होती, व्यापार होता, बाजारही होता. परंतु शेतातली मजुरी बुडाल्यावर धान्य विकत घेण्यास लागणारा पैसा मजुराजवळ नव्हता. बाजारातील धान्य ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्याकडे जाते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच सूत्र सिद्धांतरूपाने मांडले. व्हाइसरॉयने पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध पुराव्यासह तक्रारी पाठविल्या. न्यायमूर्ती रानडे व त्यांचे सहकारी यांनी त्या काळात केलेले काम हा भारतीय लोकप्रशासनाच्या इतिहासातील एक उत्तम धडा आहे. बंगळूर-म्हैसूर रेल्वेचे मातीकाम याच दुष्काळी मजुरांच्या हातांनी झाले, हेही प्रवाशांनी लक्षात ठेवावे.

पुढचा अध्याय पुणे आणि म्हैसूर यांना जोडणारा आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे जन्मगाव मुद्देनहळ्ळी. शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात, नोकरी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात, आणि खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे हे त्यांचे नावाजलेले काम. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. उद्योग उभारा नाहीतर नष्ट व्हा, हा त्यांचा मंत्र. बँक, विद्यापीठ, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची योजना अशी मोठी कामे त्यांनी हाती घेतली. परंतु त्याच संस्थानात दुसरा प्रश्न उभा राहिला. शिक्षणात व नोकऱ्यांत मूठभरांचाच भरणा असेल तर ही वाढ कोणाची? महाराजांनी १९१८ मध्ये न्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा विचार सुरू केला. विश्वेश्वरय्यांना हे धोरण मान्य नव्हते आणि त्यांनी दिवाणपद सोडले. एवढा मोठा माणूस, पण या एका मुद्द्यावर इतिहासाने त्यांच्या विरोधकांच्या बाजूने निकाल दिला, असे मला वाटते.

त्याच १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतीच्या तुकड्यांवर निबंध प्रसिद्ध केला. शेतीचे दुखणे केवळ तुकड्यांत नाही. शेतीवर अवलंबून असलेल्या पण शेतीत खऱ्या अर्थाने काम नसलेल्या माणसांच्या गर्दीत ते आहे आणि त्यावर औद्योगिकीकरण हाच उपाय आहे, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे वाढ हवी, हे बाबासाहेबही सांगत होते. पण तिचा हेतू जमिनीवरचा भार कमी करून माणसाला काम देणे हा होता. ज्या वाढीने जमीन जाते आणि काम मिळत नाही ती वाढ या कसोटीला उतरत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा वाद मोजमापाकडे वळला. १९६२ मध्ये एका कार्यगटाने १९६०-६१ च्या किमतींना दरडोई दरमहा वीस रुपये ही किमान गरज ठरविली. त्या गटात धनंजयराव गाडगीळ होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास १९७१ मध्ये आला. दिवसाला २२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च धरून त्यांनी दाखविले की १९६०-६१ मध्ये खेड्यातील सुमारे ४० टक्के आणि शहरातील सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते, आणि त्यानंतरच्या दशकातील वाढीचा लाभ मुख्यतः वरच्या थरांतच राहिला. म्हणून सार्वजनिक कामांद्वारे रोजगार द्यावा, असा त्यांचा आग्रह होता.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला. माझे वडील तेव्हा सोलापूर जिल्ह्यात खडी फोडण्याच्या एका कामावर हजेरी कारकून होते. मी दोन वर्षांचा होतो. वडील सांगत की शेतमालकीण बाई आणि तिच्याच शेतावर राबणारी मजूरबाई एकाच हजेरीपटावर आल्या. पहिले काही दिवस मालकीण पदराने तोंड झाकून बसे, नंतर तिने पदर काढला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. १८७७ मध्ये जे घडले ते १९७३ मध्ये घडले नाही, आणि याचे श्रेय वाढीच्या दराला देता येत नाही, कारण त्या वर्षी वाढ नव्हतीच. ते श्रेय त्या हजेरीपटाला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७७ मध्ये कायदा झाली, तिच्यासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याची प्रेरणा तीच होती.

मी पुण्यात अर्थशास्त्र शिकत असताना १९९१ चा जुलै महिना आला. नव्या आर्थिक धोरणावर वर्गात दोन तट पडले. मी वाढीच्या बाजूचा होतो आणि आजही पुष्कळ अंशी आहे. कारण आकडे तसे आहेत. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने मोजल्यास १९९३-९४ मध्ये ४५.३ टक्के लोक गरीब होते, २००४-०५ मध्ये ३७.२ टक्के आणि २०११-१२ मध्ये २१.९ टक्के. सुमारे ४०.७ कोटी गरिबांचे सात वर्षांत २६.९ कोटी झाले. जागतिक बँकेच्या २०२५ च्या अंदाजानुसार दिवसाला तीन डॉलरच्या नव्या रेषेखालचे प्रमाण २०११-१२ मधील २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आले. जगातही हाच अनुभव आहे. चीनने चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी माणसे अतिदारिद्र्यातून वर आणली, आणि वाढीविना असे करणारा देश मला तरी माहीत नाही.

पण याच आकड्यांकडे पुन्हा पाहावे. पहिल्या अकरा वर्षांत दरवर्षी एक टक्क्याहूनही कमी घट आहे, पुढच्या सात वर्षांत दरवर्षी दोन टक्क्यांहून अधिक. वाढीचा दर दोन्ही काळांत चांगला होता, दुसऱ्यात अधिक. तेवढ्याने मात्र तिपटीचा फरक पडत नाही. दुसऱ्या काळात शेतमजुरी वाढली, शेतीची स्थिती सुधारली, बांधकामांनी खेड्यातील हातांना काम दिले आणि रोजगार हमी देशभर झाली. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन व गौरव दत्त यांनी भारतीय राज्यांची तुलना करून दाखविले आहे की बिगरशेती वाढ सारखी असूनही ज्या राज्यात साक्षरता व ग्रामीण स्थिती आधीपासून बरी होती तेथेच गरिबी अधिक वेगाने हटली. वाढ ही भरतीसारखी असली तरी होडी लागते, आणि गरिबाची होडी म्हणजे त्याचे आरोग्य, शिक्षण आणि हातातील कसब.

मोजमापाबद्दलही प्रशासकाने नम्र असावे. १९९९-२००० च्या पाहणीत अन्नखर्चाविषयी तीस दिवसांबरोबर सात दिवसांचाही प्रश्न विचारला गेला आणि त्या एका बदलामुळे त्या वर्षीचे आकडे आधीच्या वर्षांशी जुळेनासे झाले. २०११-१२ साठी तेंडुलकर पद्धत २१.९ टक्के सांगते, तर रंगराजन समितीची पद्धत २९.५ टक्के. माणसे तीच, त्यांच्या चुलीही त्याच, पण रेषा थोडी सरकली की कोट्यवधी माणसे एका बाजूची दुसऱ्या बाजूला जातात. ही रेषा कचेरीत आखली जाते, त्या म्हातारीच्या अंगणात मात्र तशी कोणतीही खूण मला दिसली नव्हती.

होसकोट्यात नवी वाढ आली ती नव्वदच्या दशकात. १९८६ मध्ये बंगळूर जिल्ह्याचे विभाजन होऊन हा तालुका ग्रामीण जिल्ह्यात गेला होता. १९९८ मध्ये स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीचा ट्रक कारखाना येथे सुरू झाला, औद्योगिक वसाहती वाढल्या, आणि पुढे गोदामे आली. चेन्नईकडे जाणारा द्रुतगती मार्ग येथूनच निघतो. त्याआधी ऐंशीच्या दशकात या टापूत नाचणीच्या अनेक शेतांत निलगिरी लावली गेली. निलगिरीला मजूर लागत नाही. म्हणजे जमीनमालकाचे उत्पन्न टिकले, पण भूमिहीनाची मजुरी गेली. बोअरवेल खोल खोल जात राहिल्या. तळ्याखालच्या ज्या जमिनीसाठी जहागिरदार लढले, तिची किंमत आता पिकावर ठरत नाही. हमरस्त्यापासून ती किती अंतरावर आहे यावर ठरते.

बिर्याणी खाऊन झाल्यावर मी भाच्याला म्हणालो, "चल, वीस वर्षांपूर्वीचे एक घर शोधू." घर सापडले. म्हातारी बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती. तिच्या मुलाने मला ओळखले नाही, पण मराठी ऐकून आत बोलावले. जमिनीच्या पैशाचे काय झाले ते त्याने बोटांवर मोजून सांगितले. घराचा वरचा मजला, बहिणीचे लग्न, दोन कोरड्या बोअरवेल आणि स्वतःच्या हृदयाची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेच्या वेळी सवलत मिळाली नाही, कारण नाव यादीत नव्हते. उरलेला एक एकरही तेव्हा गेला. आता तो कंत्राटदारामार्फत पहारेकरी आहे, बारा तासांची पाळी. ज्या गोदामाच्या फाटकावर तो उभा राहतो ते त्याच्याच जुन्या शेतावर आहे. हे सांगताना तो हसला. मला हसता आले नाही. त्याचे नाव यादीतून जाण्यात माझ्या शेऱ्याचा किती वाटा होता हे आता कोणताही कागद सांगणार नाही. पण शेरा माझा होता.

शेजारच्या घराबद्दल विचारले. ते भूमिहीन कुटुंब त्यांच्याच शेतावर राबत असे. विकायला त्यांच्याकडे काही नव्हते, म्हणून विक्रीचा पैसा नाही, आणि शेत गेल्यामुळे मजुरीही नाही. ते शहराकडे बांधकामावर गेले, पुढचे कोणास ठाऊक नाही. यादी-तपासणीत मी त्या घरात डोकावलोही नव्हतो, कारण ते नमुन्यात नव्हते.

एवढ्यात पहारेकऱ्याची मुलगी रात्रपाळी करून घरी आली. सरकारी वसतिगृहात राहून तिने आयटीआय केले होते आणि मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ती मोजमाप-तपासणीचे काम करते. पगार बँकेत जमा होतो, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. आजीच्या प्रश्नाचे उत्तर या घरात कोणी दिले असेल तर ते हिने. तिच्याजवळ विकायला जमीन नाही, पण तिचे कसब दर महिन्याला पगार आणते आणि तिच्याजवळच राहते.

परतताना भाचा बराच वेळ गप्प होता. मग मीच म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे, पण पुढे अटी आहेत." वाढ नसेल तर वाटायला फक्त टंचाई उरते. परंतु एकाच वाढीने एका गावात एका माणसाला त्याच्या शेताचा पहारेकरी केले, एका कुटुंबाला नाहीसे केले आणि एका मुलीला कारागीर केले. या तिघांत जो फरक पडला तो बाजाराने पाडलेला नाही. वसतिगृह, आयटीआय, आजारपणातील आधार आणि भूमिहीनाचीही मोजदाद, या सगळ्या गोष्टी प्रशासनाच्या हातातल्या आहेत.

म्हणून माझ्या तरुण सहकाऱ्यांना तीन गोष्टी सुचवितो. जमीन घेताना मालकाबरोबर त्या जमिनीवर राबणाऱ्याची नोंद करा. कोणत्याही यादीतून नाव काढताना घरात आज काय आहे एवढेच पाहू नका, दरमहा काय येते तेही पाहा. आणि वगळलेल्या घरी पाच वर्षांनी पुन्हा एकदा जा. मी वीस वर्षांनी गेलो, तेही बिर्याणीच्या निमित्ताने.